वड्याच्या कागदावरची धाव

गफूरभाईंनी माझ्या उजव्या मांडीवर आजवर किती थापा मारल्या, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. ठेवली असती तरी चुकलीच असती. मी गणिताचा मास्तर, आणि मोजण्याच्या कामात माझ्याइतका भरवशाने चुकणारा माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत दुसरा सापडणार नाही.

आमच्याकडे भात कापून झालं की खाचरांचे बांध सपाट करतात आणि तिथंच मैदान होतं. मग गावोगाव टेनिस चेंडूचे सामने लागतात ते थेट मे संपेपर्यंत. सीमारेषेला लागून चार बांबूंवर फळ्या टाकलेलं मचाण, वर ताडपत्री, एक टेबल, दोन खुर्च्या, एक माईक. एका खुर्चीत समालोचक गफूरभाई, दुसऱ्या खुर्चीत धावपत्रक लिहिणारा मी. वीस वर्षं ही बैठक मोडली नाही. ते बोलायचे, मी लिहायचो. त्यांचं ऐकायला चार गावांची माणसं यायची. माझं लिहिलेलं कोणी वाचायचं नाही. दोन्ही गोष्टी माझ्या सोयीच्या होत्या.

माईक त्यांच्या उजव्या हातात असायचा. डावा हात मोकळा. कुणी मनासारखा फटका मारला, की तो डावा हात माझ्या मांडीवर यायचा. तोंडातून शब्द निघायच्या आधी थाप. त्यामुळे चेंडू सीमेपार जाणार की नाही हे मैदानात सगळ्यांत आधी माझ्या मांडीला कळायचं. सामन्यांच्या दिवशी घरी गेल्यावर बायको विचारायची, "आज कोण चांगलं खेळलं?" मी लंगडत आत जायचो. तिला उत्तर मिळायचं.

नोकरीनं ते बसस्टँडवरचे वाहतूक नियंत्रक. "कशेळेमार्गे मुरबाडला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे," हे ते असं म्हणायचे की ज्याचं मुरबाडला काही काम नाही तोही पिशवी उचलायचा. मी स्वतः एकदा त्या आवाजामागे जाऊन गाडीत बसलोय. मला नेरळला जायचं होतं. कशेळ्याला उतरलो आणि परतीच्या जीपमध्ये कोंबड्यांच्या पाटीशेजारी बसून घरी आलो.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्टँड सोडला, स्टँडची भाषा सोडली नाही. चौकार गेला की "विनाथांबा." फलंदाज पहिल्याच चेंडूवर बाद झाला की "परतीचं तिकीट काढूनच आले होते." दोघं एकाच टोकाला धावले की "एका सीटवर दोन आरक्षणं झालेली आहेत, वाहकानं लक्ष द्यावं." म्हाताऱ्या बाया पदर डोक्यावर घेऊन बांधावर बसायच्या. त्यांना क्रिकेट कळायचं नाही, गफूरभाई कळायचे.

अंगानं किडकिडीत, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, गालात कायम ज्येष्ठमधाची काडी. घशासाठी. माईक हातात आला की आधी त्याच्या तोंडाला स्वतःचा धुतलेला रुमाल बांधायचे. "दहा जणांची थुंकी असते ह्याच्यावर, मास्तर." सामना कुठल्याही गावात असो, सुरुवातीला त्या गावच्या गावदेवीचं नाव घेणार, मग सरपंचाचं, मग ज्याच्या खाचरात मैदान केलंय त्या शेतकऱ्याचं. हा क्रम त्यांनी कधी बदलला नाही. सरपंच रागावले तरी.

मी त्यांच्या शेजारी आलो तोही माझ्याच फजितीमुळे. पळसदरीच्या अलीकडे सामने होते, लिहिणारा माणूस आला नव्हता. यांनी माईकवरून विचारलं, "मैदानात गणित जाणणारं कुणी आहे का?" माझे विद्यार्थी तिथं शाळा बुडवून आले होते आणि मी त्यांना पकडायला गेलो होतो. त्यांनीच मला पुढे ढकललं. पहिल्याच डावात मी सात चेंडूंचं षटक लिहिलं आणि बाद झालेल्या माणसाच्या नावावर आणखी दोन धावा चढवल्या. फलंदाजी करणारा संघ खूश, दुसरा मचाणाखाली जमा. मला घाम फुटला. गफूरभाईंनी शांतपणे माईक तोंडाशी नेला.

"मंडळी, तोंड माझं चुकलं. काडी गालात होती, आकडा घसरला. दुरुस्त करतो."

लोक हसले आणि पांगले. मी म्हटलं, "अहो, चूक माझी होती."

"लिहिणाऱ्याला माईक नसतो, मास्तर. तो काय सांगणार? ज्याच्याकडे माईक त्याची चूक."

हा त्यांचा नियमच होता. वीस वर्षांत माझ्या शंभर चुका त्यांनी त्या एका वाक्यावर निभावून नेल्या. "तोंड माझं चुकलं." पुढे पुढे मांडीवर थाप यावी तसं ते आपोआप यायला लागलं, विचार न करता. आणि मी, खोटं कशाला बोलू, त्याला सोकावलो.

मग देशात तो हल्ला झाला. निरपराध माणसं गेली. आमच्यापासून लांब झालं, पण बातमी घराघरात शिरली आणि तिथंच बसून राहिली. दोन दिवस आमच्या आळीत कुणी मोठ्यानं बोललं नाही. गफूरभाईंचा मला फोन आला. "मास्तर, बघितलंत?" एवढंच म्हणाले. बोलण्यावर जगलेला माणूस फोनवर नुसता श्वास घेत होता. शेवटी म्हणाले, "रविवारी मी येऊ ना?"

मला प्रश्न कळलाच नाही. मी म्हटलं, "न यायला काय झालं? बरं नाही का?"

"नाही, बरा आहे," ते म्हणाले.

त्या रविवारी सामन्याआधी श्रद्धांजली होती. माईकवर तेच. थोडक्यात बोलले, चांगलं बोलले, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळे माना खाली घालून उभे. मी डोळे किलकिले करून पाहिलं, ही माझी लहानपणापासूनची खोड. मचाणाखाली तीन तरुण मान वर करून उभे होते आणि तिघांचे मोबाइल गफूरभाईंच्या तोंडावर रोखलेले होते. दोन मिनिटं. हललेसुद्धा नाहीत.

सामना संपल्यावर त्यातला एक वर आला. नम्रपणे म्हणाला, "चाचा, तवा तुमी काय पुटपुटत व्हता?"

"कधी?"

"शांततेत. व्हट हलत व्हते तुमचे. हाय माझ्याकडं."

गफूरभाईंनी गालातली काडी काढून तळहातावर ठेवून दाखवली. मुलानं ती नीट पाहिली, काडीचाही फोटो घेतला आणि खाली उतरला. त्या दिवसानंतर ज्येष्ठमध गेलं. पुढच्या सामन्याला ते कोमट पाण्याचा थर्मास घेऊन आले आणि प्रत्येक घोट माईक खाली ठेवून, सगळ्यांना दिसेल असा घेऊ लागले.

एवढं झाल्यावर तरी माणसाला अक्कल यायला हवी. मला आली नाही. आमचा एक जुना विनोद होता. सामन्याआधी चहाच्या टपरीवर मी त्यांना मोठ्यानं विचारायचो, "काय गफूरभाई, आज तुमचा संघ कुठला?" ते म्हणायचे, "चहा पाजेल तो." वीस वर्षं हाच प्रश्न, हेच उत्तर, आणि टपरीवाल्याचं हेच हसू. श्रद्धांजलीच्या पुढच्याच रविवारी मी सवयीनं, भरल्या टपरीवर, आरोळी ठोकल्यासारखा विचारून बसलो.

आठदहा जण होते. सगळ्यांनी कप तोंडापासून लांब धरले आणि उत्तराची वाट बघायला लागले. गफूरभाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी पाहिला. बशी खाली ठेवून ते सरळ उभे राहिले, शाळेत नाव पुकारल्यावर उभं राहतात तसे.

"भारत, मास्तर," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. मी हसलो, एकटाच. मग चहा नाकात गेला म्हणून खोकत बाहेर आलो.

त्यानंतर मला एकेक दिसायला लागलं. दिसायला उशीर झाला, पण लागलं. खालापूरकडच्या एका संघात सोहेल नावाचा पोरगा खेळायचा, यांच्या बहिणीचा मुलगा. डावखुरा, असा टोला मारायचा की चेंडू आणायला दुसऱ्याच्या वाडीत जावं लागे. पूर्वी त्याच्या षटकाराला माझी मांडी लाल व्हायची. आता तो चौकार मारायचा आणि गफूरभाई म्हणायचे, "चार धावा." बस. जसा कुणी मयताच्या घरी पाण्याचा तांब्या मागतो. पुढच्या चेंडूवर यजमान गावच्या पोरानं साधी एक धाव काढली, की विनाथांबा, आरक्षण, सगळा स्टँड गर्जायचा.

मी विचारलं, "घसा बसला का?"

त्यांनी माईकवर हात दाबला. "ज्याचं नाव माझ्यासारखं, त्याला अर्धा आवाज. माझ्यापुरता ठरवलाय नियम. तुम्ही कुठं बोलू नका."

"कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"हमीदाच्या येतं."

हमीदाभाभी म्हणजे त्यांची बायको. हल्ली प्रत्येक सामना मोबाइलवर थेट दिसतो. एक कॅमेरावाला असतो, आणि चित्राखाली बघणाऱ्यांचे शेरे सरकत असतात. भाभी हल्ल्यानंतर घरी बसून प्रत्येक सामना पाहायला लागल्या होत्या. क्रिकेटमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. त्या चित्र बघतच नसत, खालचे शेरे वाचत. मधल्या वेळेत त्यांचा फोन यायचा. गफूरभाई लांब जाऊन ऐकायचे आणि परत आल्यावर मी विचारायच्या आत सांगायचे, "आज बरं चाललंय म्हणते." किंवा नुसता थर्मास उघडून घोट घ्यायचे.

आता माझ्या चुकीकडे येतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

कशेळ्याच्या पुढच्या एका गावात अंतिम सामना होता. गावाचं नाव लिहीत नाही. चांगली माणसं आहेत, आजही मला जेवायला बोलावतात. यजमान गाव आणि सोहेलचा संघ. सहा-सहा षटकं. सोहेलच्या संघानं एकसष्ट केल्या. गावानं पाठलाग सुरू केला आणि चौथ्या षटकात बाळूदादांनी वर वडे पाठवले. बाळूदादा आयोजक. शब्दाला पक्का आणि वड्याला उदार माणूस.

त्या षटकाच्या चौथ्या चेंडूवर लेगबायची एक धाव निघाली. पंचानं पाय उचलून मांडी थोपटून खूण केली, गफूरभाईंनी "एक अवांतर" म्हटलं, आणि नेमकं तेव्हाच वाऱ्यानं धावपत्रकाचं पान उलटलं. माझ्या एका हातात वडा. मी दुसऱ्या हातानं वड्याच्या कागदाच्या कोपऱ्यावर लिहून ठेवलं: चौथं षटक, चौथा चेंडू, लेगबाय, एक. वारा थांबला की उतरवू म्हटलं. वारा थांबला. पण वडा गार होत होता. मग कागदाचा बोळा झाला आणि तो मी खिशात टाकला. मैदानावर कचरा करू नये, हे मीच मुलांना शिकवतो.

षटक संपल्यावर एकूण आकडा मी सांगायचो आणि ते माईकवरून जाहीर करायचे. शेवटचं षटक सोहेलनं टाकलं. शेवटचा चेंडू गेला. मी बेरीज केली. साठ.

"साठ धावा," गफूरभाई म्हणाले. "पाहुणा संघ एका धावेनं विजयी."

मग गावाच्या बाजूनं एकदम कालवा झाला. "एकसष्ट झाल्यात. बरोबरी हाय. आमी मोजल्यात." पन्नासेक माणसं मचाणाकडे यायला लागली. गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, पत्रकाकडे पाहिलं नाही. त्यांचं तोंड त्यांच्या आधी बोललं, जसा वीस वर्षं हात बोलायचा.

"मंडळी, तोंड माझं चुकलं असेल. दुरुस्त करतो."

खालून कुणीतरी ओरडलं, "ऐका. कबूल केलं."

"भाचा हाय त्याचा तो. बोलिंगवाला."

"धाव कापली. मुद्दाम कापली."

ते तीन मोबाइल पुन्हा वर आले. तिनाचे तीस झाले. मचाणाला एकच शिडी होती आणि तिच्या पायाशी माणसं उभी राहिली. कुणी वर चढत नव्हतं, कुणी शिवीही देत नव्हतं. नुसती उभी होती. मग कुणीतरी बांबूला हात घातला आणि हलवून पाहिला. टेबलावरचा थर्मास आडवा झाला आणि पाणी माझ्या पत्रकाखाली शिरलं. खालून एक जण अगदी सावकाश म्हणाला, "ह्याला विचारा रं, कोन जिकल्यावर बरं वाटतं ह्याला."

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला सोहेलचा संघ सामान भरत होता. सोहेल इकडे धावत निघाला आणि त्याच्या कप्तानानं त्याला कंबरेत धरून ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. गफूरभाईंचा फोन माईकशेजारी होता आणि माईक चालू होता. जुन्या फोनसारखी साधी घंटी, पण ती आठ कर्ण्यांतून साऱ्या शिवारावर वाजली. पडद्यावर हमीदाभाभींचं नाव. खालची माणसं वर बघत होती. घंटी वाजून थांबली. पुन्हा वाजली. त्यांनी फोन उचलला नाही, बंदही केला नाही. मला वाटतं, बोट कुठं ठेवायचं ते त्यांना दिसत नव्हतं. शेवटी मी फोन उलटा करून ठेवला. मी केलेली तेवढीच मदत.

बाळूदादा शिडीपाशी आले. "गफूरभाई, खाली या जरा. खाली बोलू."

गफूरभाईंनी माईकचा रुमाल सोडला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मास्तर, उतरू का?"

उतरायला माझी परवानगी कशाला हवी होती? मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, त्यांना उतरण्याआधी कुणाचा तरी आवाज ऐकायचा होता.

मी उत्तर दिलं नाही. कारण कपाळाचा घाम पुसायला मी खिशात हात घातला होता आणि रुमालाऐवजी हाताला तेलकट बोळा लागला होता. मी तो उलगडला. चौथं षटक, चौथा चेंडू, लेगबाय, एक. माझंच अक्षर.

पुढं काय झालं ते मी नंतर मोबाइलवर पाहिलं, म्हणून नेमकं सांगू शकतो. चित्रात गफूरभाई मधोमध आहेत, उभे, दोन्ही हात टेबलावर, तळवे वर. आणि उजव्या कोपऱ्यात एक टकलू माणूस वड्याचा कागद वाचतोय. वाचतोय, घडी घालतोय, पुन्हा उलगडतोय. चार मिनिटं. खाली बांबू हलतोय, आणि हा माणूस चार मिनिटं वड्याचा कागद वाचतोय.

मी घाबरलो होतो हे खरं. पण कशाला घाबरलो होतो ते सांगायला लाज वाटते. मला कुणी हात लावणार नव्हतं. माझ्याशी त्या गावाचं काही वाकडं नव्हतं. माझं हसं होईल, गणिताच्या मास्तराला एकसष्ट मोजता येत नाहीत म्हणतील, याला मी घाबरलो होतो. आणि मनात कुठंतरी हेही होतं की गफूरभाई सांभाळून घेतील. नेहमी घेतात.

शिडीचा पहिला दांडा वाजला. कुणीतरी चढायला लागलं होतं. तेव्हा मी उठलो. उठताना खुर्ची मागं पडली, मी माईक घेतला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्यात बोललो.

"धाव माझ्याकडे आहे," मी म्हणालो आणि कागद वर धरला. "वड्याच्या कागदावर राहिली. पत्रकात उतरवायची राहिली. मी वडा खात होतो."

आठ कर्ण्यांतून माझा घोगरा आवाज डोंगरापर्यंत गेला आणि परत आला. मग खालून एका म्हातारीचा आवाज, "मास्तरानं वड्यासंगं धाव खाल्ली गं बाय."

सगळं मैदान हसलं. बांबूला हात लावलेला माणूस हसला. मोबाइलवाले हसले. शिडीवर चढलेला तिथंच थांबून पोट धरून हसला. दहा सेकंदांत सगळं संपलं. बरोबरी जाहीर झाली, सुपर ओव्हर ठरली, आणि कुणीतरी मला चिडवायला आणखी एक वडा वर पाठवला. माझ्याकडून ती चूक होती. दहा सेकंदांपूर्वी गफूरभाईंकडून ती काय होती, ते कुणी परत बोललं नाही.

बाळूदादा वर आले. "गफूरभाई, मनावर घेऊ नका. पोरं हायेत. चला, तुमीच बोला, तुमच्याबिगर मजा नाय."

गफूरभाईंनी खिशातला रुमाल काढून पुन्हा माईकला बांधला. गाठ तीनदा मारावी लागली.

गावानं सुपर ओव्हरमध्ये नऊ केल्या. मग सोहेल आला. मला वाटतं, सोहेल हरावा असं साऱ्या मैदानात सगळ्यांत जास्त वाटणारा माणूस माझ्या शेजारी बसला होता. शेवटच्या चेंडूवर पाच हव्या होत्या. चेंडू बॅटवर लागला तो आवाजच वेगळा होता. तो कर्णे बांधलेल्या आंब्यावरून, वाडीवरून, दिसेनासा झाला. तसा फटका मी पुन्हा पाहिला नाही.

"सहा धावा," गफूरभाई म्हणाले. "सामना संपला. दोन्ही संघांचं अभिनंदन."

बसची वेळ सांगावी तसं. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. पण टेबलाखाली त्यांचा डावा हात माझ्या मांडीवर आला होता. थाप नाही मारली. थाप ऐकू जाते. त्यांनी नुसती मांडी धरली आणि धरून ठेवली, बोटं रुतेपर्यंत, लोकांच्या टाळ्या थांबेपर्यंत.

उतरण्याआधी म्हणाले, "तो कागद मला द्या."

"कशाला? तेलकट आहे."

"असू दे जवळ."

संध्याकाळपर्यंत त्या गोंधळाचा एक तुकडा गावोगाव पोहोचला होता. तो "कबूल केलं" इथं संपत होता. वडा, म्हातारी, हसणं, काहीच त्यात नव्हतं. मी जिथं जिथं तो दिसला तिथं खाली लिहिलं की चूक माझी होती. एकानं उलट विचारलं, मास्तर, तुम्ही कोणाच्या बाजूचे? चहाच्या टपरीवर मीच विचारला होता जवळजवळ तोच प्रश्न.

पुढच्या हंगामात गफूरभाई आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, घसा गेला. फोनवर घसा उत्तम होता. सोहेल नोकरीच्या निमित्तानं लांब गेला. माईकवर आता एक तरुण असतो. मी अजून लिहितो, आणि प्रत्येक आकडा दोनदा तपासतो. अजून चुकतो.

मध्ये एकदा ते मला कर्जतच्या स्टँडवर दिसले. मुलीकडे निघाले होते, पायाशी पिशवी. वर कर्णा खरखरत होता, कुठली गाडी कुठं लागतेय कळत नव्हतं. शेजारच्या बाईनं त्यांनाच विचारलं, "भाऊ, कशेळ्याची हीच का?" एकेकाळी त्यांनी बसल्या जागेवरून साऱ्या स्टँडला सांगितलं असतं. ते उठले, तिच्याजवळ गेले, वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "फलाट दोन, ताई. मागची."

मग पैसे काढायला त्यांनी सदऱ्याच्या खिशातलं पाकीट उघडलं. आधार कार्डाच्या मागं काहीतरी चकचकीत होतं. मी मान लांब केली, ती माझी खोड आहेच. वड्याचा कागद. तेलाच्या डागासकट प्लॅस्टिकमध्ये बसवून घेतलेला. कोपऱ्यात माझं अक्षर.

"अहो, हे अजून?" मी म्हटलं.

"हमीदानं दारावर यादी लावलीय," ते म्हणाले. "बाहेर पडताना बघून निघायचं. चष्मा, गोळ्या, किल्ली, धाव."

गाडी लागली. ते खिडकीजवळ बसले. गाडी वळेपर्यंत मला दिसत होतं, त्यांनी सदऱ्याचा खिसा वरून चाचपला, आणि थोड्या वेळानं पुन्हा चाचपला.